उतरलेल्या सेलांवरची जर्मन

मुलाने जर्मन मुलीशी लग्न केलं तेव्हा मी काही बोलले नाही. नात पाच वर्षांची झाली, तरी तिला मराठीचा शब्द येत नव्हता, तेव्हा मात्र बोलले. "तिला शिकव, नाहीतर मला शिकव."

त्याने सोपं होतं ते केलं. होळीला एकटाच जळगावला आला तो कॅसेटी घेऊन. त्यांच्याकडच्या जुन्या कादंबऱ्या, कुणा नटाने वाचलेल्या. शेजारी बसून त्याने एका कादंबरीत कुठे काय घडतं ते मराठीत सांगितलं. जाताना म्हणाला, थंडीत नातीला आणतो.

माझी शाळा चौथीपर्यंत. नट भरभर वाचायचा. मी दादर ज्वारी निवडत ऐकायचे, उठायचे, कॅसेट मागे फिरवायचे, पुन्हा बसायचे. ज्वारीत खडे राहू लागले. नात येणार आणि मला तिला 'ये, बस' म्हणता येईना. जेवण गोड लागत नव्हतं.

उन्हाळ्यात दुपारची लाइट जायची. मग टेपमध्ये सेल घालायचे. उतरलेले सेल आम्ही टाकत नाही. गच्चीवर कुरडयांशेजारी उन्हात ठेवले की थोडा जीव येतो. त्या अर्धमेल्या सेलांवर टेप रेंगाळायचा, नटाचा आवाज जाड व्हायचा, आणि शब्द सुटे होऊन कानात पडायचे. मुलाने सांगितलेल्या गोष्टीशी जुळवले की अर्थ लागायचा. दार. थंडी. आत ये. मग लाइट असली तरी मी सेलच लावायला लागले.

शेजारणीला वाटलं टेपमध्ये कुणी रडतंय. भिंतीवरून म्हणाली, "अक्का, तुना डबामा कोन रडी ऱ्हायनं वं?"

"जर्मन शे. तुले समजाव नई."

धुळ्याला लेकीकडे गेले तेव्हा टेप पिशवीत होता. "आई, घरात लाइट आहे, सेल कशाला?" म्हणत तिने बटण लावलं. नट पळत सुटला. माझा जीव कावला. लेक राहा म्हणत होती, मी सकाळची एसटी धरली.

थंडीत ते आले. नात रिक्षातून उतरली ती बोलतच. एक शब्द कळला नाही. तरी दारात उभं राहून, पाठ होतं तसं, जाड आवाजात ओढून म्हटलं, "कोऽऽम हेऽराऽइन."

नात आईमागे लपली. मुलगा म्हणाला, "आई, अंगात आल्यासारखी काय बोलतेस?"

"आत ये म्हटलं. तुझ्याच कॅसेटीवर शिकले."

नातीने डोकं बाहेर काढलं. गाल फुगवले आणि माझ्यासारखाच जाड, लांब आवाज काढून काहीतरी म्हणाली. तहान. पाणी. दोन्ही शब्द कळले. मी तांब्या भरून दिला. ती पाणी प्यायली आणि त्याच आवाजात पुढचं सांगत माझ्यामागे स्वयंपाकघरात आली.

राहिली तोवर आम्ही तशाच बोललो. सून वैतागली. मुलाने मला तिचं म्हणणं सांगितलं, "पोरगी तिकडे शाळेतही अशीच बोलेल."

"मग तिला मराठी शिकव," मी म्हटलं.