आईनं मामाले परात काहून हाणली?

मंडळी, आज वलगावले मामेबहिणीच्या हळदीत माझ्या आईनं मामाच्या, तिच्या सख्ख्या भावाच्या, तोंडावर पितळी परात हाणली. नाकातून भळाभळा रक्त!

मामानं मस्करीत तिच्या गालाले हळद फासली होती. तिच्या चेहऱ्याची नस दुखते, बोट लागलं तरी करंट बसते. त्या कळीतच तिनं हातातली परात फिरवली. आई किंचाळत लोळून राहिली, अन् बाया "देवी आली" म्हणून कुंकू घेऊन धावल्या. मी त्यायले ढकललं.

आईच्या रक्तात चरबी वाढलेली निघाली, तवा अकोल्याचे डॉक्टर म्हणाले होते, "रक्तातली चरबी आणि हे दुखणं, दोन्ही घराण्यातून सोबत येऊ शकतं. पक्कं नाही, पण भावंडांना तपासायला सांगा." लग्नघरात दुखण्याचं नाव नको म्हणून आमी गप्प बसलो.

नाक दाबत मामा म्हणे, "ताई, मलेबी असाच करंट बसते. दाढच दुखते समजून म्या दोन चांगल्या दाढा उपटून घेतल्या."

तुमच्या घरी कोण अशा चांगल्या दाढा उपटून घेऊन राहिलं?