एकच कळफलक, दोघांची तहान

शेळीच्या दुधाची पहिली धार रिकाम्या चरवीत पडते तेव्हा कशी लख्ख वाजते! चरवी भरू लागली की तोच नाद मऊ, फेसाळ, आत्ममग्न होत जातो. सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्याला, काशीमावशीच्या अंगणात, ती धार काढत असताना, मांडीवर लॅपटॉप घेऊन मी तो ऐकत बसलो होतो. आणि माझं काम मात्र पार फसलं होतं.

गेल्या साली काका गेले. मावशीपाशी उरला तो त्यांचा आवाज. रानातून फोनवर धाडलेले चाळीस निरोप. जुना फोन शेवटच्या घटका मोजत होता आणि नवा फोन ते निरोप वाजवीत नव्हता. ते नव्या रूपात बदलावेत म्हणून मी संगणकाच्या काळ्या पडद्यावर त्या निरोपांच्या फायलींच्या चाळीस नावांची यादी एकदम ओतली. आज्ञा ऐकणाऱ्या शेलनं एकेक नाव उचलावं आणि आवाज बदलणाऱ्या प्रोग्रॅमला कामाला लावावं, एवढीच अपेक्षा. पण एकच निरोप बदलला आणि पडदा मुका झाला.

"एकच राह्यला का? बरं, एक तरी हाय," मावशी म्हणाली. तिचं ते समाधान मला सहन होईना.

उरलेली एकोणचाळीस नावं गिळली कुणी? विचार करता करता उमगलं आणि मोठी गंमत वाटली. पडद्यावर ओतलेली यादी संगणकाला कळफलकावरून टंकल्यासारखीच येते. आणि शेल ज्या प्रोग्रॅमला जन्म देतो, त्याच्या हाती स्वतःचाच कळफलक देतो. नक्कल नव्हे, तोच! मग जो आधी वाचील त्याचं अक्षर, दुसऱ्याला ते पुन्हा दिसत नाही. माझ्या प्रोग्रॅमला त्या नावांची गरजही नव्हती, तरी आपल्यासाठी काही सूचना असेल म्हणून त्यानं सगळी वाचून टाकली. किती निरागस हा अधाशीपणा!

मी मावशीला हे सांगितलं. पान्हा फुटेपर्यंत करडाला पाजून तिनं ते केव्हाच खुंट्याला बांधलं होतं.

"मंग तुवा तुझं करडू काहून न्हाई बांधलं?" ती हसली. "मोकळं सोडलं तर चरवीत काय येईन?"

खरंच की! त्या प्रोग्रॅमनं कळफलकाऐवजी, वाचायला काहीच नसलेल्या रित्या जागेतून वाचावं, एवढं मी आज्ञेत जोडलं आणि यादी पुन्हा ओतली. चाळीसही निरोप बदलून आले.

पहिला लावला. "काशे, उशीर व्हईन, जेवून घे." मावशीनं घाईनं माझा हात धरला.

"थांब. तू म्हणला, एकदा वाचलेलं पुन्हा भेटत न्हाई. ऐकल्यानं हे सरत न्हाई ना रे?"

"न्हाई मावशी. कितीबी ऐक."

"मंग हाच लाव पुन्हा."