रेशीमचा उजवा पाय

डेपोत त्याला सगळे रेशीम म्हणायचे. बस चालवणाऱ्या आडदांड, मिशाळ गड्याला असलं नाव म्हणजे थट्टाच. पण ते त्याने कमावलं होतं. त्याच्या गाडीत उभा असलेला माणूस दांडी न धरता डुलक्या काढायचा. ब्रेक तो इतका हळुवार दाबायचा, की गाडी थांबली हे दार उघडल्यावरच कळायचं. नव्या ड्रायव्हरांना तो बजावायचा, "पाय आपटायचा नाही. मागे माणसं आहेत, पोती नाहीत."

मग एके दिवशी वळणावर एक सायकलवाली बाई अचानक पुढे आली. रेशीमने ब्रेक दाबला. बाई वाचली नाही.

चौकशीत त्याची चूक नाही असंच ठरलं. सोबत्यांनी पाठ थोपटली. त्याच्या उजव्या पायाला मात्र तो निकाल काही पटला नाही. जेवताना, टीव्हीसमोर, झोपेत, केव्हाही तो पाय दाणकन जमिनीवर आपटायचा. खालच्या मजल्यावरचे शेजारी आधी कुरकुरले, मग कारण कळल्यावर गप्प बसले, आणि तेच त्याला जास्त लागलं. गोळ्या झाल्या, मालिश झालं, पाय कुणाचं ऐकेना. आणि पाय शांत झाल्याखेरीज डेपो त्याला गाडीवर बसवणार नव्हता. गाडी सोडून त्याला दुसरं काही येत नव्हतं, आणि शिकायचंही नव्हतं.

दवाखान्यातल्या समुपदेशक बाई वयाने त्याच्या मुलीएवढ्या. अपघाताबद्दल त्यांनी फारसं विचारलंच नाही. "काका, त्या क्षणी पायाला जे करायचं होतं ते अर्धवट राहिलंय," त्या म्हणाल्या. "आपण ते सावकाश पुरं होऊ देऊ. तळवा भिंतीला लावा आणि हवा तेवढा जोर लावा."

रेशीमने तळवा टेकवला. दाबला. हळू, मग थोडा अजून, अगदी स्टॉपवर गाडी लावावी तसा.

"अजून जोरात जमेल?"

त्याने दात-ओठ खाल्ले, कपाळावर घाम आला, पण पाय आपल्याच हळू चालीने दाबत राहिला. तेव्हा कुठे चौकशीतही न सांगितलेली गोष्ट त्याच्या तोंडून निघाली. "बाई, त्या दिवशीसुद्धा मी असाच दाबला. सवयीनं. मागे माणसं उभी होती ना."

बाईंनी त्याचा पाय भिंतीवरून अलगद खाली घेतला. मग म्हणाल्या, "आज एवढंच. घरी कुणी सोबत असेल तेव्हा करून बघा. घाई नको."

संध्याकाळी बायको कपाटाला पाठ टेकून त्याच्यासमोर बसली. तिने दोन्ही तळहात त्याच्या तळव्याला लावले.

"हं, दाबा."

त्याने दाबलं.

"अहो, जोरात! सगळा जीव लावून दाबा."

"अगं, तुला लागेल."

"लागू दे! दाबा म्हणते ना!" तिला रडू फुटलं.

त्याने डोळे मिटून पुन्हा दाबलं. तिचे हात मागे गेले, पण इतके हळू, की कोपरं कपाटाला टेकल्यावरच तिला ते कळलं.