व्हिक्टरचा चष्मा आणि आगेराचा फोटो

मरोळ गावठाणातल्या व्हिक्टरनं चौतीस वर्षं लेथ मशीनवर काढली. केसाएवढा फरक त्याच्या बोटाला कळतो, असा त्याचा लौकिक. पण गेल्या वर्षी त्यानं काढलेल्या आगेराच्या फोटोत त्याची मोठी बहीण फ्लेविया अर्धी कापली गेली. एक खांदा, एक कान आणि भाताच्या लोंब्या धरलेली मूठ, एवढीच ती फोटोत आली.

आगेरा म्हणजे नव्या भाताचा सण. ऑक्टोबरातल्या पहिल्या रविवारी लोंब्या चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला नेऊन आशीर्वाद घ्यायचा आणि मग अंगणात सगळ्या घराचा एक फोटो काढायचा. शेतं कधीच गेली, लोंब्या आता गोराईहून मागवाव्या लागतात. पण फोटो चुकला नाही. तोही बापाच्या जुन्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यानं, रीळ घालून.

“आईबाप गेले, नवरा गेला. आता तूपण मला कापलंस ना?” फोटो बघून फ्लेविया हसत म्हणाली होती, पण तिचे डोळे हसत नव्हते. यंदा तिनं वसईहून फोन करून सांगितलं, “मिस्साला येईन. फोटोला उभी राहणार नाही.”

व्हिक्टरला घास गोड लागेना. त्या कॅमेऱ्याच्या मागं, कोपऱ्यात, वाटाण्याएवढी खिडकी आहे. आत रेघांची चौकट. चौकटीत येईल तेच फोटोत येतं. मधल्या ठिपक्यात माणूस दुहेरी दिसतो, लेन्सचं कडं फिरवून दोघांचा एक करायचा. पण त्यासाठी डोळा खिडकीला चिकटायला हवा. चष्म्यामुळे तो बोटभर मागं राहायचा आणि चौकटीच्या कडाच दिसायच्या नाहीत. चष्मा काढला की सगळंच धुरकट. म्हणून तो मान वर करून चष्म्याच्या खालच्या, वाचायच्या भिंगातून बघायचा. त्यानं ते आणखीच बिघडायचं.

“पप्पा, मोबाइलवर काढू ना यार,” मुलगा ॲश्टन म्हणाला.

“तुझ्या आजोबांचा कॅमेरा आहे तो,” व्हिक्टर गुरगुरला.

शेवटी बायकोनं, रोझमेरीनं, त्याच्या हातात कॅमेऱ्याची पिशवी दिली. “मेणबत्त्या लावून झाल्या. आता चष्मेवाल्याकडे चला. देवानं त्यालापण हात दिलेत.”

चष्मेवाला धम्मपाल कॅमेरा डोळ्याला लावून समोरच्या दुकानाची पाटी बघत राहिला.

“काका, तुम्ही खालच्या भिंगातून का बघता?”

“कॅमेरा नाकाला टेकलेला असतो ना रे. जवळचा नंबर नको?”

“कॅमेरा जवळ, पण माणसं कुठं उभी असतात? खिडकीच्या काचेला नाक लावलं तरी रस्ता लांबच राहतो ना?”

“घ्या! चौतीस वर्षं मापं घेतली ह्यांनी,” रोझमेरी म्हणाली. व्हिक्टरही हसला.

धम्मपालनं त्याला चष्मा काढायला लावला आणि कॅमेऱ्याच्या खिडकीवर एकेक भिंग धरून पाहिलं. चौथ्या भिंगाला पाटीवरची धुरकट अक्षरं लख्ख झाली. त्याच नंबरचं, शर्टाच्या बटणाएवढं भिंग त्यानं कापून दिलं. ते बसवायचं पितळी कडं व्हिक्टरनं जुन्या कारखान्यातल्या लेथवर स्वतः कातलं आणि खिडकीवर फिरवून घट्ट केलं.

आगेराच्या रविवारी मिस्सा झाला. फ्लेविया लुगडं नेसून आली आणि ओटीवर बसून राहिली.

“ये गो. एकदाच उभी राहा,” व्हिक्टर म्हणाला. “यंदापण कापलं, तर कॅमेरा कायमचा पेटीत.”

ती उठली आणि मुद्दाम अगदी टोकाला जाऊन उभी राहिली. “मी इथंच राहणार. बघू तुझी करामत.”

व्हिक्टरनं चष्मा खिशात घातला आणि डोळा खिडकीला टेकवला. चारही रेघा समोर होत्या. नऊच्या नऊ माणसं आत. टोकाला फ्लेविया, सबंध, आणि तिच्या पलीकडं हातभर मोकळी जागा.

“दिसते का रे मी?”

“तुझ्या कानातल्या कुड्या दिसतात!” वर्षभर छातीवर बसलेला धोंडा उतरला. देवाचं नाव घेऊन त्यानं बटण दाबलं.

पंधरा दिवसांनी तो फोटो घेऊन वसईला गेला. फ्लेवियानं तो उजेडात धरून बराच वेळ पाहिला.

“यात मी किती जाडी दिसते रे!” ती म्हणाली, आणि शेजारणीला दाखवायला लगेच उठली.