न जिरणारं

शहराच्या कचरा डेपोखालच्या उतारावर सुमनताईंचं घर आहे. पूर्वी त्या आमच्या दारी भाजी आणायच्या. परवा त्यांच्याकडे गेलो.

“पाणी विचारत नाही, राग मानू नका,” म्हणत त्यांनी विहिरीतून शेंदलेली बादली दाखवली. कोऱ्या चहासारखं पाणी, वर तवंग. “टँकर आला नाही की आम्ही हेच पितो.”

मी नाकाला रुमाल लावला. “हळूहळू जिरेल हो सगळं.”

“देठं जिरतात, सालं जिरतात. तुमचे सेल कुठे जिरतात?”

जिरणं हा आपला लाडका शब्द. अन्न जिरतं, पाऊस जिरतो, माणसाची मस्तीही जिरते. म्हणून डोळ्याआड गेलेलं सगळंच जिरलं, असं आपण धरून चालतो. पण सेलमधलं जस्त, ट्यूबमधला पारा, बॅटरीतलं शिसं कुजत नाही. बाकीचा कचरा आंबतो, त्याच्या आंबट काळ्या पाण्यात ते थोडंथोडं विरघळतं आणि उताराने खाली झिरपतं. उरलेलं ढिगातच दबा धरून बसतं. ओल्या कचऱ्यात सेल टाकणारा हात माझाच होता.

घरी रिमोट चालेना. सवयीने सेल काढून दातांखाली दाबला. चावला की तो अजून दोन दिवस चालतो. जिभेवर आंबूस, किळसवाणी चव पसरली. चार चुळा भरून मी ती थुंकून टाकली.

टँकर चुकला की सुमनताई ती गिळतात.