तिसरा चर

चांगुणाबाई सकाळी उठली की तोंड धुण्याआधी रानात जायची, झाडांखालच्या पाल्यात मनगटापर्यंत हात खुपसायची आणि बोटं नाकाशी न्यायची. ओल लागली तर गप्प पुढं सरकायची. नाही लागली तर त्या जागी आणखी दोन पाट्या पाला आणून टाकायची.

पाथर्डीच्या अलीकडचा तो मुरमाड उतार. हुलग्याखेरीज तिथं काही धड आलं नव्हतं. शेळ्या वळताना तिनं पाहिलं होतं की ओढ्याकाठच्या करंजाखाली जमीन उन्हाळ्यातही गार असते. तेवढ्या भांडवलावर तिनं उताराला आडवे चर खणले, कडेनं सीताफळं आणि बोरी लावल्या, मधे शेवगा, हादगा, त्यांच्या सावलीत तूर, तुरीवर घेवडा. सहा वर्षांत एक पान तिनं रानाबाहेर जाऊ दिलं नाही. बाईनं शेतातच उकिरडा मांडलाय, असं लोक हसत म्हणायचे. शेंगांच्या दिवसांत तेच लोक धोतराचा-पदराचा ओटा धरून यायचे.

नवरा रंगनाथ दरसाल ऊसतोडीला जायचा. झाडं लावल्यापासून तिनं बरोबर जाणं सोडलं होतं. आणखी दोन पावसाळे ही झाडं जगली तर तुम्हालाही जावं लागणार नाही, असं तिनं त्याला सांगून ठेवलं होतं.

शहाण्णवच्या वैशाखात तो परतला. तिसऱ्या दिवशी उताराच्या खालच्या अंगाला शेत असलेल्या आसारामनं त्याला विचारलं, बांध पेटवू का. शेजाऱ्याला विचारल्यावाचून बांध पेटवायचा नाही, हा रिवाज. रंगनाथनं मान डोलावली. सहा महिने फडातलं पाचट पेटताना पाहिलेल्या माणसाला बांधावरच्या कुसळाचं काय वाटणार? आपल्या माघारी झाडांखाली गुडघाभर पाला साठलाय, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

बांध पहाटे पेटवतात, वारं निजलेलं असतं तेव्हा. आसारामला बैल सोडून यायला उन्हं वर आली, वारं सुटलं, तरी त्यानं काडी लावली. चांगुणाबाई चुलीपाशी होती. धुराचा वास आला आणि ती तव्यावरची भाकरी तशीच टाकून उठली.

जाळ बांध ओलांडून उतार चढत होता. दारात टँकरच्या पाण्याचं एक पिंप, तेही अर्धं. तिनं फावडं उचललं आणि सगळ्यात खालच्या, पहिल्या चराकडं धावली. रंगनाथनं तिचा दंड धरला.

"तितं न्हाई पोचायचो. तिसऱ्या चरातला पाला उपसू, आन् चराच्या खालून आपनच आग लावू. जाळाला जाळ भिडला की खायाला काय उरत न्हाई."

"खालच्या दोन वळी जात्याल."

"जात्याल."

त्या दोन ओळींत सगळ्यात जुनी सीताफळं होती. वरचं निम्मं रान त्यांच्याच बियांचं. तिनं खाली पाहिलं. पहिल्या चरातला पाला तडतडू लागला होता.

मग ती तिसऱ्या चरात उतरली. फावड्यानं, हातानं, पदरानं पाला खालच्या अंगाला ओढू लागली. पलीकडच्या टोकाला रंगनाथ. आसारामही ओरडत आला, लिंबाचा डहाळा घेऊन. चराचा तळ उघडा पडला तेव्हा रंगनाथनं काडेपेटी काढली आणि तिच्याकडं पाहिलं. सहा वर्षं ज्या पाल्यावर तिनं बिडीची ठिणगी पडू दिली नव्हती, तोच पेटवायचा होता.

"पेटवा," ती म्हणाली.

ती आग वाऱ्याविरुद्ध हळूहळू उतरत गेली. ठिणग्या चरावरून उडत होत्या. आसाराम डहाळ्यानं एकेक झोडपत होता. घटकाभर कुणालाच काही कळेना. मग दोन्ही जाळ एकमेकांना भिडले, माणूसभर उंच उठले आणि बसले.

चराच्या वरचं रान उभं होतं. खाली दोन ओळी काळ्या काड्या.

रंगनाथ तिच्याकडं न बघता म्हणाला, की आसारामनं विचारलं होतं, होकार मीच दिला. आसाराम मान खाली घालून उभा होता, जाववतही नव्हतं त्याला. तिनं चराच्या खालच्या अंगाला राहून गेलेलं, राखेत पडलेलं फावडं पायानं उलटं केलं.

"आसारामभाऊ," ती म्हणाली, "ह्यो चर हातभर रुंद करायचाय. उद्या येतानी तुमचं फावडं आना. आमच्याचा दांडा जळालाय."