तिप्पण्णाची दोन बोटं

तिप्पण्णा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागांवर कामाला. पण ओळख फुटबॉलची. रविवारी कामगारांच्या संघातून तो पुढच्या फळीत खेळायचा आणि गोल मारायचा. पुण्याच्या एका संघानं पगार देऊन बोलावलं, तर "खेळ पोटासाठी न्हाय," म्हणून गेला नाही. गल्लीत त्याचं कौतुक झालं.

कारखान्याची सुट्टी मात्र शुक्रवारी. त्यामुळं रविवारी त्याचे चार माग शेजारच्या मागांवरचा जालिंदर आपल्या चारांबरोबर सांभाळायचा. वयानं मोठा, त्यानं एकही सामना पाहिला नव्हता. मागांच्या खडखडाटात बोललेलं ऐकू येत नाही, सगळं हातांनीच सांगायचं. सामना जिंकला, की संघाबरोबर भजी खाऊन तिप्पण्णा सावकाश परतायचा आणि दारातूनच बोटं वर करायचा. दोन बोटं, दोन गोल. जालिंदर मान डोलवायचा.

चाळिशीत गुडघा दुखू लागला आणि संघानं त्याला बाकावर बसवलं. त्या रविवारी परतला, तर आठ मागांमध्ये घामानं निथळलेला जालिंदर दिसला. रिकामी मूठ दाखवायचा धीर झाला नाही. दोन बोटं वर गेली. मग दर रविवारी तेच. खेळायला मिळत नव्हतं, तर आपल्या मागांवर थांबायला हवं होतं, हे त्याला कळत होतं. घास गोड लागत नव्हता.

एकदा जालिंदर म्हणाला, "या रविवारी आमचा पोरगा सतीश बघंल माग. मी तुजा खेळ बघाय येतो."

धुतलेला शर्ट घालून तो मैदानाच्या कडेला बसला. तिप्पण्णा शेवटपर्यंत बाकावरच. सामना संपल्यावर तो मान खाली घालून जालिंदरकडं गेला.

"दादा, दोन वर्सं झाली, मी खेळतच न्हाय. बोटं खोटी व्हती."

"ठावं हाय की. टपरीवर पोरं बोलत्यात."

"मग बोलला न्हाईत कधी?"

"बोटं कोण मोजतंय रं? तू दारात दिसलास, की मला च्याला सुटाय मिळायचं. तेवडीच वाट बगायचो."

तिप्पण्णाला इतक्या वर्षांची सगळी भजी आठवली.

पुढच्या रविवारी तो मैदानावर गेला नाही. आठही मागांमध्ये उभा राहून त्यानं जालिंदरला दाराकडं बोट दाखवलं. जालिंदर चहा घेऊन लगेच परत आला. तिप्पण्णानं हातानं घास तोंडाशी नेल्याची खूण केली आणि त्याला पुन्हा बाहेर पाठवलं.